रे कोणाकडे होता

सान्तोसच्या बंदरावर कंटेनरचे आकडे टिपते मी,
रात्रपाळीत. म्हणून हा हिशेब लगेच कळला:
सात स्वर, सहा तारा, चार बोटं.
"आता सांग," जुरांदिर म्हणाला, "घरी कोणाला ठेवायचं?"

रे वर रचलेला मायनर थर्टीन्थ.
रे फा ला दो मी सोल सी.
एक सोडून एक घेत गेलं
की शेवटी सगळेच आत येतात,
दाराबाहेर कुणी उरत नाही.

त्याचं दुकान सायकल दुरुस्तीचं.
गिटार लटकते ट्यूबांच्या शेजारी,
तारांना ग्रीसचा वास.

"पाचवा काढ. पाचवा म्हणजे लग्नातला लांबचा काका,
आला तर शोभा, नाही आला तर कुणी विचारत नाही.
तिसऱ्याला मात्र हात लावायचा नाही,
अर्धी पायरी खाली बसलाय ना, सगळं दुखणं तिथंच आहे.
सातवा राहू दे.
आणि नववा, अगं, तो दुसराच,
वरच्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलेला.
खाली होता तेव्हा मूळ स्वराशी भिंतीला भिंत,
रोजची कटकट.
वर गेला आणि गोड झाला."

अकरावा, तेरावा पुढच्या वर्षी, म्हणाला.

मधलं बोट पाचव्या तारेवर, पाचव्या घरात.
तर्जनी चौथ्या तारेवर, दोन घरं मागे.
अनामिका, करंगळी पुढच्या दोन तारांवर, पुन्हा पाचवं घर.
तीन आठवडे माझी करंगळी
शेजारच्या तारेवर आडवी पडून राहिली,
कामचुकार पोरासारखी.

मग जुलैतल्या एका थंड संध्याकाळी
तो वाजवत असताना मी बोटं मोजली.
सवयच ती.
त्याचं मधलं बोट हवेत होतं.
"तुमचा रे कुठाय?"

थांबला. चिंध्यांनी तार पुसली, जी पुसलेलीच होती.

"वाल्देसीकडे असायचा."

धाकटा भाऊ. बास. सव्वीस वर्षं, शनिवारची रात्र,
रेल्वे कामगारांच्या क्लबात.
दार वाजलं म्हणून एका घरातून दोघांनी कशाला उठायचं?
रे तो धरायचा, म्हणून मी सोडला,
आणि मोकळ्या जागेत काकाला बोलावलं,
करंगळी आडवी करून पहिल्या तारेवरचा ला.

मार्चमध्ये वाल्देसी गेला.
सातव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर मी वाजवलं,
आमचंच एक, संथ.
झुलेजी, त्याची बायको, डोळे पुसत म्हणाली,
भावजी, किती आनंदी वाजवलंत.

टोमणा वाटला मला.
घरी येऊन एकेक तार छेडली.
फा दो मी ला.
रे नाही म्हटल्यावर तो मायनर उरतच नाही गं,
तीच बोटं, तीच घरं,
आणि फाचा मेजर, खिडकीत ऊन खात बसलेला.
लांबचा काका घरचा कर्ता झालेला.
सव्वीस वर्षं मला वाटत होतं
दुःख माझ्या हातात आहे.
ते त्याच्या हातात होतं.

बाहेर कुणी पंक्चर काढायला आलं.
जुरांदिर उठला, चाक फिरवलं, पाण्यात बुडबुडे शोधले,
पैसे घेतले, सुटे नव्हते म्हणून थोडे सोडले.

परत येऊन गिटार घेतली, मधलं बोट टेकवलं.
सांधा वळेना. तार नुसती खरखरली.
पुन्हा. पुन्हा खरखर.
"तू आधी स्वतःचा रे स्वतः धरायला शीक," म्हणाला,
"कुणी भेटलं तर सोडशील."
मग गिटार माझ्याकडे दिली.

पाळीला जाताना फेरीबोटीत सायकल धरून उभी होते.
इंजिनाच्या घरघरीखाली रे गुणगुणून पाहिला,
ओठ मिटून, शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतका.
बरोबर लागला की नाही, कळलं नाही.
मधल्या बोटाच्या टोकावर तारेचा वळ होता,
रात्रभर आकडे लिहिताना
पेन तिथंच टोचत राहिलं.